ऋतुचर्या आणि ऋतुचक्र

कोणत्याही वृत्तपत्राची रविवारची पुरवणी उघडावी, तिच्यांत एक लेख ठरलेला असतो. शहरांत राहून प्रकृति कशी सांभाळावी आणि त्याकरितां निसर्गाशीं संबंध कसा राखावा, हें तो आपल्याला समजावून देतो. सकाळीं उठून बागेंत चालावें; गच्चीवर तुळस, गवती चहा आणि मिरचीचीं चार रोपें लावावीं; सुटीच्या दिवशीं एखाद्या किल्ल्यावर जावें; डोळ्यांना रोज कांहीं वेळ हिरवा रंग दाखवावा. उपदेश वाईट नाहीं. किंबहुना त्यांतलें एकही वाक्य खोडून काढतां येणार नाहीं, आणि हाच त्या लेखांचा पहिला दोष आहे. ज्या विधानाला कोणी विरोध करूं शकत नाहीं तें वाचतांना मन जागें राहत नाहीं. चहाबरोबर तें घशाखालीं उतरतें आणि सोमवारीं त्याची आठवणही उरत नाहीं.

मी वैद्य नाहीं. वाङ्मय शिकविणें हा माझा व्यवसाय, आणि म्हणून या लेखांचा विचार वाङ्मय या नात्यानें करण्याचा मला अधिकार आहे असें मी समजतों. तसा तो करूं लागल्यावर एक गोष्ट तत्काळ ध्यानांत येते. या लेखांत झाड असतें, पण तें कोणतें झाड हें नसतें. पक्षी असतो, त्याला नांव नसतें. फुलें असतात, तीं कोणत्या महिन्यांत फुललीं याचा पत्ता नसतो. 'निसर्ग' हा शब्द त्यांत औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीसारखा येतो. आंत काय आहे याची चौकशी करण्याचें कारण नाहीं. दिवसांतून किती वेळां आणि किती मिनिटें घ्यावयाचें एवढें कळलें म्हणजे झालें.

अलीकडे या लेखांना शास्त्राचा आधार मिळाला आहे, आणि तो आधार खोटा नाहीं. १९८४ सालीं रॉजर उल्रिच या संशोधकानें 'सायन्स' या नियतकालिकांत एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांतल्या एका रुग्णालयांत १९७२ ते १९८१ या काळांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांचे कागद त्यानें तपासले. निम्म्या रोग्यांच्या खिडकींतून झाडें दिसत. उरलेल्यांच्या खिडकींतून विटांची भिंत दिसे. झाडें पाहणारे रोगी थोडे लवकर घरीं गेले आणि तीव्र वेदनाशामक औषधें त्यांना कमी लागलीं. त्याच सुमारास, १९८२ सालीं, जपानच्या वनखात्यानें 'शिनरिन्-योकु' म्हणजे वनस्नान हा शब्द प्रचारांत आणला. रोज १०,००० पावलें चालावें हा आंकडाही जपानांतूनच आला. १९६५ सालीं तेथें विकावयास निघालेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नांवांतच तो होता. आतां शास्त्रज्ञाचा निबंध, सरकारी खात्याचा शब्द आणि दुकानदाराचा आंकडा हे तिन्ही पुरवणीच्या एकाच स्तंभांत शेजारीं शेजारीं बसतात आणि एकाच आवाजांत बोलतात. मला खटकतें तें वेगळेंच. पेनसिल्व्हेनियांतल्या त्या रोग्यांना आपण झाड 'घेत' आहोंत याची कल्पनाही नव्हती. ते नुसते बाहेर पाहत पडले होते. त्यांच्या त्या निर्हेतुक पाहण्याचें आम्हीं एक अनुष्ठान करून टाकलें.

आरोग्य आणि ऋतु यांची सांगड घालणारा एक फार जुना शब्द आपल्याकडे आहे : ऋतुचर्या. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'ंत सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आणि तिसरा ऋतुचर्येचा. हा तिसरा अध्याय पुष्कळ लोक पथ्यापथ्याची यादी म्हणून वाचतात. मी तो काव्य म्हणून वाचावा अशी शिफारस करीन. वसंतांत दुपारचा वेळ कोठें घालवावा, तर कोकिळ बोलत असलेल्या राईंत, मित्रांशीं नाना प्रकारच्या गोष्टी करीत. ग्रीष्मांत ऊन असह्य झालें म्हणजे उंच साल-तालांनीं सूर्यकिरण अडविलेल्या वनांत बसावें आणि रात्रीं चांदण्यानें भरलेल्या गच्चीवर निजावें. हा वैद्य आहे. पण त्याला झाडाचें नांव सांगितल्यावांचून औषध सांगतां येत नाहीं. आणि त्या अध्यायाच्या शेवटीं तो जें सांगतो तें तर मला फारच सूक्ष्म वाटतें. एका ऋतूचे शेवटचे ७ दिवस आणि पुढल्या ऋतूचे पहिले ७ दिवस मिळून ऋतुसंधि होतो. त्या दिवसांत जुनी राहणी हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी, एकदम बदल केल्यास रोग होतात. म्हणजे निरोगी राहावयाचें तर ऋतु केव्हां सरत आला हें माणसाला कळलें पाहिजे. तें कळण्यासाठीं त्यानें पाहिलें पाहिजे. वाग्भटाच्या पद्धतींत पाहणें हें औषधाचें अनुपान आहे. त्यावांचून औषध लागूच पडत नाहीं.

येथें कोणी असें म्हणेल कीं हा सारा अरण्यांतल्या ऋषींचा व्यवहार, आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत त्याचा काय उपयोग? पण हा समज चुकीचा आहे. संस्कृत वाङ्मयांतला निसर्ग फार मोठ्या प्रमाणांत नागरिकाचा निसर्ग आहे. 'कामसूत्रां'तील नागरकाचें घर पाण्याजवळ असावें आणि त्याला लागून वृक्षवाटिका असावी अशी स्पष्ट योजना आहे. कालिदासाच्या नांवावरील 'ऋतुसंहारा'ंत ग्रीष्माचें सुख भोगणारीं माणसें प्रासादाच्या गच्चीवर आणि कारंज्यांच्या गृहांत बसलेलीं आहेत. शहर एकीकडे आणि निसर्ग दुसरीकडे, अशी भिंत त्या वाङ्मयांत नाहीं. ती आम्हीं इंग्रजी शाळांतून आणली. वर्डस्वर्थ शिकलेल्या दोन-तीन पिढ्यांनीं असें ठरवून टाकलें कीं निसर्ग हा गांवाबाहेर, ओढ्याकांठीं, डोंगराच्या कुशींत राहतो आणि शहर हा त्याचा शत्रु आहे. वर्डस्वर्थला स्वतःला लंडनमधल्या एका पुलावरून पहाटेचें शहर मोहक दिसलें होतें, ही गोष्ट आम्हीं परीक्षेपुरती लक्षांत ठेवली. बालकवींना खानदेशांतल्या निसर्गाचा प्रत्यक्ष सहवास होता म्हणून त्यांची कविता जिवंत राहिली. पण त्यांच्यामागून आलेल्या किती कवींनीं शहरांतल्या खोलींत बसून खेड्यांतला निर्झर लिहिला याचा हिशेब एकदां कोणीतरी मांडला पाहिजे. ती कविता आणि रविवारचा आरोग्यलेख यांची जात एकच. दोघांनाही निसर्ग दूर हवा असतो. कवीला तो विरहासाठीं दूर हवा, लेखकाला सहलीसाठीं, एवढाच काय तो भेद.

शहरांत राहून शहरांतलेंच पाहणारा पहिला लेखक मला भेटला तो इंग्रजींत, आणि गंमत अशी कीं त्याचा जन्म सातारचा. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन (१८५१–१९०९) हा 'ई. एच्. ए.' या आद्याक्षरांनीं लिहीत असे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यानें कांहीं वर्षें लॅटिन शिकविलें आणि मग तो मीठ व जकात खात्यांत शिरला. १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'दि ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' या पुस्तकांत त्यानें आपल्या बंगल्यांत आणि बंगल्याभोवतीं राहणाऱ्या प्राण्यांचा परामर्ष घेतला आहे : उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळें, बेडूक, कोळी. वाघ नाहीं, हत्ती नाहीं. १९०० सालीं त्याचें 'दि कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे' निघालें. नांवांतला 'कॉमन' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. दुर्मिळ पक्ष्यांमागें लागणारे पुष्कळ होते; रोज दिसतें म्हणून ज्याच्याकडे कोणी पाहत नाहीं त्याला या माणसानें ग्रंथाचा विषय केला.

ज्या वर्षीं 'ट्राइब्ज' प्रसिद्ध झालें त्याच वर्षीं, १५ सप्टेंबर १८८३ रोजीं, मुंबईंत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्यें आठ माणसें एकत्र आलीं आणि 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन झाली. एटकेन त्या आठांपैकीं एक. आठांत हिंदी गृहस्थ दोनच, आणि दोघेही मराठी : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थनासमाजाचे संस्थापक म्हणून आपल्याला ठाऊक असतात आणि दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून. पण दोघेही पेशानें डॉक्टर होते, आणि सखाराम अर्जुन हे वनस्पतिशास्त्र शिकवीत व मुंबईच्या बाजारांतल्या औषधी द्रव्यांची एक सूचि त्यांनीं १८७९ सालीं प्रसिद्ध केली होती. रोग्यांना तपासणाऱ्या माणसांना शहरांतल्या पक्ष्यांची आणि वनस्पतींची नोंद ठेवावीशी वाटली, यांत त्या काळीं कोणाला विसंगति दिसली नाहीं. आतां आरोग्य एका खात्याकडे, झाडें दुसऱ्या खात्याकडे आणि ललित निबंध विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे, अशी वांटणी झाली आहे.

एटकेनची थोरवी मान्य करूनही त्याच्याविषयीं एक तक्रार केल्यावांचून राहवत नाहीं. पहिल्या पुस्तकाला त्यानें विनोदानें परराष्ट्रधोरणाची उपमा दिली आहे; बंगला हें राज्य, प्राणी या सीमेवरच्या टोळ्या. विनोद चांगला आहे, पण तो राज्यकर्त्याचा विनोद आहे. १८८९ मध्यें आलेल्या 'बिहाइंड द बंगलो'ंत हीच दृष्टि नोकरचाकरांकडे वळते आणि बटलर, धोबी, माळी हे पालींच्या आणि बेडकांच्या रांगेंत येऊन बसतात. तेथें हंसतां हंसतां आपलें हंसूं थांबतें. ज्या माळ्याला बागेंतल्या प्रत्येक रोपाचें देशी नांव ठाऊक असणार, तो या निसर्गनिरीक्षकाच्या लेखीं निरीक्षणाचाच एक नमुना होतो. पालीला मिळालेली सहानुभूति त्याच्या वांट्याला पुरती येत नाहीं. ज्याच्याशीं संबंध जोडावयाचा त्याच्यापासून एक हात उंचीवर उभें राहून तो जुळत नाहीं, हें एटकेनला कळलें नाहीं. कळलें असतें तर तो याहूनही मोठा लेखक झाला असता.

दुर्गाबाई भागवतांचें 'ऋतुचक्र' (१९५६) हें याच्या अगदीं दुसऱ्या टोकाचें पुस्तक. त्यांत निरीक्षक आणि निरीक्षित यांच्यामध्यें उंचीचें अंतर नाहीं. चैत्रापासून आरंभ करून बारा महिन्यांवर लेख, एवढीच त्याची रचना. 'ऋतुसंहारा'चा प्रारंभ ग्रीष्मानें आणि शेवट वसंतानें होतो. दुर्गाबाई पंचांगाप्रमाणें वसंतापासून निघतात. हा भेद क्षुल्लक नाहीं. सहा ऋतु ही कवींची व्यवस्था, बारा महिने ही घराची. व्रतें, सण, लोकगीतें, पेरणीकापणी, बायकांच्या ओव्या हें सर्व महिन्यांना चिकटलेलें आहे, आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकाला तें सोडून नुसतें झाड पाहतांच येत नाहीं. म्हणून त्यांच्या निबंधांत झाडाबरोबर त्याची कथा येते, कथेबरोबर एखादा संस्कृत संदर्भ, आणि पुन्हां डोळे झाडाकडे वळतात.

या पुस्तकावर आमच्या टीकाकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे, पण बहुतेकांनीं त्याची भाषाच वाखाणली. 'शब्दकळा', 'चित्रमयता', 'काव्यात्म गद्य' हे शब्द पाठ झाले. पाठ्यपुस्तकांत 'वसंतहृदय चैत्र' हा लेख आल्यापासून तर मुलें त्यांतले अलंकार ओळखून दाखवितात. मीं एकदां वर्गांत तो लेख शिकवून झाल्यावर मुलांना खिडकींतून बाहेर पाहावयास सांगितलें आणि आवारांतलें कोणतें झाड पालवलें आहे असें विचारलें. वर्ग हुशार होता. चेतनगुणोक्ति आणि उत्प्रेक्षा यांतला भेद त्यांनीं बिनचूक सांगितला होता. झाडाचें नांव एका मुलीनें सांगितलें. ती कोंकणांतून शिकावयास आलेली होती. मुलांना दोष देण्याचें कारण नाहीं, कारण त्यांना तें पुस्तक त्याच रीतीनें वाचावयास आम्हीं शिकविलें. ज्या गद्याचा सारा जोर रंगाच्या नेमक्या छटेवर, पानाच्या नेमक्या वयावर आहे, तें आम्हीं 'सुंदर' म्हणून कपाटांत ठेवून दिलें. 'ऋतुचक्र' हें प्रथम अचूकपणाचें पुस्तक आहे. त्याचें सौंदर्य त्या अचूकपणांतून आलेलें आहे, आणि जेथें अचूकपणा सुटतो तेथें, स्पष्टच सांगावयाचें तर, सौंदर्यही डळमळतें. विशेषणांची गर्दी होते, महिना हा व्यक्ति बनून रुसूं-फुगूं लागतो आणि कल्पकतेला भरती आली कीं पान दिसेनासें होतें. अशा जागा पुस्तकांत आहेत. आणि अनुकरण करणाऱ्यांनीं नेमक्या त्याच उचलल्या.

दुर्गाबाईंच्या आयुष्यांतील एक घटना येथें सांगितली पाहिजे. मध्य भारतांतल्या आदिवासींच्या अभ्यासासाठीं हिंडत असतां त्यांना विषबाधा झाली आणि त्यानंतर कित्येक वर्षें त्या आजारानें अंथरुणाला खिळून होत्या. पुढें मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत रोज येऊन बसणाऱ्या विदुषी म्हणून त्या प्रसिद्ध झाल्या आणि १९७५ सालीं कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं काय केलें हें सर्वांना ठाऊक आहे. आजारपण आणि 'ऋतुचक्र' यांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह कोणालाही होईल. निसर्गानें रोगी बरा केला, अशी एक गोड गोष्ट तयार होते, आणि ती रविवारच्या पुरवणींत सहज खपेल. हा मोह टाळावा असें मला वाटतें. 'ऋतुचक्रां'तील लेखिका कोठेंही रोग्याच्या भूमिकेंतून झाडाकडे जात नाहीं. तिला झाडाकडून कांहीं नको आहे. आपला ताण गेला किंवा झोंप सुधारली असें ती सांगत नाहीं. झाडाला काय झालें तें सांगते. अंथरुणावर पडलेलें माणूस जर खिडकींतून बाहेर पाहून केवळ स्वतःच्याच नाडीचा विचार करीत राहिलें, तर तें खिडकीबाहेर गेलेंच नाहीं. पेनसिल्व्हेनियांतल्या त्या रोग्यांप्रमाणेंच येथेंही जो लाभ झाला असेल तो आपसुक झाला असेल.

तरीही या पुस्तकाविषयीं, किंवा खरें म्हणजे तें ज्या परंपरेंत उभें आहे तिच्याविषयीं, आजच्या नागरिकाची एक अडचण आहे. आंबा, पळस, पांगारा, शिरीष, कदंब यांच्यामागें दोन हजार वर्षांचें काव्य उभें आहे. पण मुंबईच्या किंवा पुण्याच्या रस्त्यावर तो रोज ज्या झाडांखालून जातो त्यांतलीं पुष्कळ झाडें त्याच्यासारखींच बाहेरून आलेलीं आहेत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. वर्षावृक्ष मध्य व दक्षिण अमेरिकेंतला. संध्याकाळ झाली कीं तो पानें मिटतो, आणि त्याच्या मिटल्या पानांखालून हजारों लोक स्टेशनाकडे जातात. कालिदासानें यांना पाहिलें नाहीं, ओवींत हे नाहींत, पंचांगांत यांचें व्रत नाहीं. मग यांच्याशीं संबंध कशाच्या आधारें जोडावयाचा? परंपरेच्या आधारें जोडतां येत नसेल तर डोळ्यांच्या आधारें जोडावा लागेल, आणि येथें मला पुन्हां एटकेन आठवतो. त्याला संस्कृत येत नव्हतें म्हणून त्याचें फारसें अडलें नाहीं.

कोकिळेचेंच पाहा. तिच्याविषयीं आपल्या काव्यांत एवढें लिहिलें गेलें आहे कीं आतां तिचें नांव काढलें तरी कंटाळा येतो. गांव सोडून शहरांत आलेला माणूस कोकिळेच्या आवाजानें व्याकुळ होतो, आणि निसर्ग आपल्याला दुरून हांक मारतो आहे असें त्याला वाटतें. परंतु शहरांत कोकिळा विपुल आहेत त्या कावळ्यांमुळें. कोकिळा कावळ्याच्या घरट्यांत अंडीं घालते. कावळा माणसाच्या उकिरड्यावर पोसला जातो. म्हणजे पहांटे आपल्या खिडकीपाशीं होणारें तें कूजन आपल्याच खरकट्याच्या वाटेनें आलेलें आहे. कोकिळा काव्यांत आली आणि कावळा म्हणींत राहिला; पण झाडावर दोघांचा प्रपंच एकच आहे. हें कळल्यावर कोकिळेचा स्वर मला तरी अधिक गोड लागूं लागला, कमी नाहीं.

मराठींत शहराचा तिटकारा सर्वांत प्रखरपणें ज्यानें व्यक्त केला त्या मर्ढेकरांनींही मुंबईच्या बंदरावर उजाडणाऱ्या सकाळीचें चित्र काढलें आहे, आणि ती सकाळ माघांतली आहे. फेब्रुवारींतली नाहीं, नुसती हिंवाळ्यांतलीही नाहीं. गिरण्यांच्या आणि यंत्रांच्या कवीला बंदरावर उभें राहून महिना कोणता हें माहीत होतें. आमच्या भिंतींवर १९७३ पासून 'कालनिर्णय' टांगलेलें आहे. त्यांत माघ असतो, पण आम्ही तेथें दुधाचा हिशेब आणि गॅसचें सिलिंडर कधीं लावलें ती तारीख पाहतों.

हा सर्व वाङ्मयीन रुचीचा प्रश्न असता तर मीं एवढी पानें खर्चिलीं नसतीं. एटकेनच्या १९०० च्या पुस्तकांत गिधाडांवर लिहिलेलें आहे. तीं तेव्हां मुंबईच्या सामान्य पक्ष्यांत मोडत होतीं. आज मुंबईच्या आकाशांत तीं शोधून सांपडत नाहींत. जनावरांच्या दुखण्यावर दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध मेलेल्या गुरांच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटांत जाई आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामी करी, हें २००४ मध्यें सिद्ध झालें. २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं तें बंद करण्यांत आलें, पण तोंपर्यंत बहुतेक गिधाडें संपलीं होतीं. मलबार हिलवरील पारशी समाजाला दोखम्यांत सौर यंत्रें बसवावीं लागलीं. वेदना थांबविणाऱ्या औषधानें शहराची स्वच्छता करणारा पक्षी नाहींसा केला, आणि तो नाहींसा होत असतां आकाशाकडे पाहणारें कोणी फारसें नव्हतें.

झाडांचेंही तेंच. महाराष्ट्रांतल्या नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. झाड तोडावयाचें असेल तर हरकती मागविणारी नोटीस त्याच्या बुंध्यावर लावली जाते. ती नोटीस वाचून हरकत घेण्यासाठीं तें झाड कोणतें, तें केव्हां फुलतें आणि त्यावर कोण राहतें हें कोणालातरी माहीत असावें लागतें. ऑक्टोबर २०१९ मध्यें मेट्रोच्या कारशेडसाठीं आरे कॉलनींतील २,००० हून अधिक झाडें दोन-तीन दिवसांत तोडलीं गेलीं. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली तेव्हां मुख्य काम होऊन गेलें होतें. मेट्रो हवी कीं झाडें, या वादांत मी येथें पडत नाहीं. गर्दीच्या लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाच्या आरोग्याचाही विचार करावा लागतो. पण त्या दिवसांत मीं जें जें वाचलें, बातम्या, पत्रकें, निषेधाच्या कविता, त्यांत दोन्ही बाजूंनीं संख्याच होत्या. झाडांचीं नांवें क्वचितच कोणी घेतलीं. निषेध करणाऱ्या कवितांतही 'वृक्ष' होता, जसा रविवारच्या लेखांत असतो तसा. ज्या भाषेनें 'ऋतुचक्र' लिहिलें तिच्यांत तीं नांवें नव्हतीं असें थोडेंच आहे?

मला हवें आहे तें एक पुस्तक, आणि तें अद्याप माझ्या पाहण्यांत आलेलें नाहीं. बारा महिन्यांचें, पण शहराचें. त्यांत वैशाखांत बहाव्याच्या पिवळ्या झुंबरांखालीं उभी राहिलेली रिक्षा असेल आणि त्यामागून पेटणारा गुलमोहर असेल, मादागास्करचा म्हणून त्याला वगळलेलें नसेल. कार्तिकांत सातवीण फुलली म्हणजे संध्याकाळीं गल्ल्यांतून जो उग्र वास भरून राहतो, ज्यानें कांहींना धुंदी येते आणि कांहींचें डोकें दुखतें, तो त्यांत असेल. आरोग्याच्या लेखाला ही सातवीण कधींच परवडणार नाहीं. मार्गशीर्षापासून शिवडीच्या आणि ठाण्याच्या खाडीच्या चिखलांत उतरणारे रोहित असतील, मागें तेलशुद्धीचीं धुरांडीं असतील. माघ-फाल्गुनांत विक्रोळीजवळ हमरस्त्याच्या कडेनें गुलाबी होणारीं झाडें असतील, आणि त्यांचें परकें नांव 'टॅबेबुया' असेंच छापलेलें असेल, कारण त्यांना मराठी नांव अजून कोणी दिलेलें नाहीं असें वाटतें. कदाचित् त्याच पुस्तकांत तें दिलें जाईल. तें पुस्तक एटकेनच्या डोळ्यांनीं आणि दुर्गाबाईंच्या कानांनीं लिहावें लागेल, आणि माळ्याला विचारून. लिहिणारा वाङ्मयाचा प्राध्यापक नसावा हें बरें. रोज एकाच रस्त्यानें पायीं जाणारें कोणीही चालेल.